बसायला आलेली माणसं

चिखलीच्या मेहकर रस्त्याला, गाव संपता संपता, धम्मरत्नचं वर्कशॉप आहे. आत दोन घड्याळं आहेत. पहिलं वीस मिनिटं पुढे लावलेलं, मालकाला घाई वाटावी म्हणून. मालकाने आठवडाभरात मनातल्या मनात वीस वजा करायची सवय लावून घेतली. मग त्याच्या बायकोने, महामायाने, दुसरं घड्याळ आणलं आणि ते किती पुढे आहे हे त्याला सांगायचंच नाही असं ठरवलं. तेव्हापासून धम्मरत्न दोन्ही घड्याळांची सरासरी काढतो, आणि ती काढेपर्यंत आणखी दहा मिनिटं जातात.

शिवाय फोनमध्ये अकरा गजर. पहिल्याचं नाव 'उठ', दुसऱ्याचं 'खरंच उठ', सातव्याचं 'काय बे'. अकराव्याचं नाव नुसतं 'भागवतभाऊ'.

हे भागवतभाऊ बीबी गावचे. तिथल्या शेतकरी गटाचे अध्यक्ष. धम्मरत्न टोकण यंत्रं बनवायचा: लोखंडी चाक, चाकाला बारा चोची, वर बियाण्याचा डबा. माणसाने दांडा धरून नुसतं ढकलत चालायचं, चोच मातीत जाते, दाणा पडतो, पाऊल पुढे. कंबर मोडत नाही, बियाणं वाया जात नाही. यंत्र असं, की बघणाऱ्याने टोपी काढावी. फक्त ते पेरणीच्या आधी मिळालं पाहिजे. गेल्या वर्षी भागवतभाऊंच्या गटाला पंधरा यंत्रं मिळाली ती पेरणीनंतर सोळा दिवसांनी. तोवर सोयाबीन चार पानांवर आलं होतं. यंत्रं गोठ्यात उभी राहिली आणि कोंबड्यांची त्यांच्यावर फार चांगली सोय झाली.

यंदा भागवतभाऊ स्वतः आले. म्हणाले, "यंत्र तुझं एक नंबर हाय, पण तू नाहीस. चाळीस पाह्यजेत. सहा जूनले सकाळी मी टेम्पो घेऊन येतो. चाळीस असतील तं नेतो. एकोणचाळीस असतील तं रामराम."

महामायाने तेवढ्यावर थांबू दिलं नाही. तिचा भाऊ प्रज्वल पुण्याकडे कारखान्यात होता, त्याने मेहुण्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. दहा जूनपर्यंत जागा राखलेली. ही ऑर्डरही चुकली तर शटर कायमचं खाली आणि धम्मरत्न पुण्याला, हे नवरा-बायकोत ठरलं. जागा होती कारखान्याच्या टाइम ऑफिसात. कोणता कामगार किती मिनिटं उशिरा आला, ते लिहायचं. प्रज्वल हे हसत सांगत नव्हता, हे विशेष.

धम्मरत्न आळशी नव्हता. आळशी माणूस परवडतो, तो निदान एका जागी सापडतो. धम्मरत्न पहाटे उठून चोची कापायला घ्यायचा. कापता कापता वाटायचं, डब्याचं झाकण सरकतं केलं तर? झाकणासाठी पत्रा शोधताना जुना पंखा सापडायचा. पंखा उघडला की आतलं बेअरिंग आवडायचं. दुपारी महामाया जेवणाच्या डब्याची आठवण करून द्यायला फोन करी, तेव्हा हा शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बसवत असे, कोणी सांगितलेलं नसताना. त्याच्याकडे वेळेचे दोनच प्रकार होते: आत्ता आणि मंग. सहा जून हा मंगमध्ये होता. मंगमधली गोष्ट थेट अंगावर येऊन पडेपर्यंत त्याला दिसत नसे.

महामाया उपकेंद्रात नर्स होती. गेल्या दिवाळीनंतर तिने त्याला बुलढाण्याला डॉक्टर अनुपमा यांच्याकडे नेलं. सासरे शंकररावही सोबत गेले, एकतर काळजी म्हणून आणि दुसरं, एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून. डॉक्टरांनी दीड तास विचारपूस केली आणि सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात. मेंदूची ठेवणच अशी असते. लक्ष नसतं असं नाही, लक्षाला लगाम नसतो. वेळेचा अंदाज येत नाही. लहानपणापासूनच असतं.

शंकररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे बाई, मी याले शाळेत असताना जे हाणलं, ते उगाच हाणलं?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

शंकररावांनी परतीच्या वाटेवर खिडकीची जागा पोराला दिली. माफी मागायची त्यांची तेवढीच पद्धत होती.

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी फरक पडला, हे धम्मरत्न कोणालाही सांगे. पण लक्ष आलं तरी ते कुठे लावायचं, हे गोळीला माहीत नसतं. एक जूनला हिशेब असा होता: पूर्ण यंत्रं शून्य. अर्धवट चाळीस, आणि ती चाळीसही वेगवेगळ्या ठिकाणी अडलेली. कोणाला दांडा नाही, कोणाला सातच चोची. एकाला मात्र सायकलची घंटी बसवून झाली होती.

दोन तारखेला जनकाआत्या आली.

जनकाबाई ही धम्मरत्नची सख्खी आत्या नव्हे, ती साऱ्या गल्लीची आत्या. वय सत्तरच्या पुढे. तिची ख्याती एकाच गोष्टीसाठी: बसायला जाणं. गावात कोणाच्या घरी कोणी गेलं, म्हणजे वारलं, की पहिली जनकाआत्या जाऊन बसायची. बोलायची नाही, रडारड करायची नाही, 'कसं झालं हो' असं विचारायची नाही. नुसती बसायची. लोक सांगत, आत्या बसली की घरच्यांना धीर येतो. चाळीस वर्षांत तिने दोनशेवर घरं बसून काढली होती.

ती आली होती लोखंडी पलंगाचा तुटलेला पाय घेऊन.

"धम्मा, याले जोडून दे."

"ठेव आत्या, पाच मिनिटात करतो."

"तुही पाच मिनिटं मले माहीत हायेत. गेल्या पोळ्याले कोठीचं झाकण दिलं होतं, ते अजून पाच मिनिटातच हाय. मी बसते इथं. झाल्याशिवाय उठत नाही."

आणि ती बसली. भिंतीला पाठ टेकून, आपल्या पद्धतीने, एक अक्षर न बोलता.

धम्मरत्नने पाय जोडण्यासाठी वेल्डिंगची दांडी उचलली. समोर एका यंत्राची आठवी चोच लटकत होती, ती आधी मारली. मग नववी. मग त्याचं लक्ष पंख्याकडे गेलं. उठणार, तेवढ्यात कोपऱ्यात आत्या दिसली. ती काही म्हणाली नाही. त्याच्याकडे पाहतही नव्हती. पण कोणी बसलेलं असताना उठून पंखा उघडायचा म्हणजे कसंतरीच. त्याने दहावी चोच मारली.

दुपारी भूक लागली म्हणून मान वर केली, तर नऊ यंत्रं उभी होती. दांड्यासकट, डब्यासकट, रंग मारायचा तेवढा बाकी. धम्मरत्नने ती दोनदा मोजली. मग आत्याकडे पाहिलं.

"आत्या, तू काय केलं?"

"मी काय केलं बाप्पा? मी त बसली. अन् माह्या पलंगाचा पाय?"

पाय तसाच पडला होता.

संध्याकाळी महामायाने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, यात नवल नाही, बाजूला कोणी शांत बसलं की अशा माणसाचं काम मार्गी लागतं, मोठ्या शहरांत लोक यासाठी फोनचा कॅमेरा लावून एकमेकांसमोर बसतात. तुमच्याकडे जिवंत माणूस आहे, सोडू नका.

महामाया तशीच जनकाआत्याकडे गेली. "आत्या, चार दिवस वर्कशॉपवर येशाल का?"

"काय कराले?"

"बसाले."

"कोण गेलं?" आत्याने पदर सावरला.

"कोणी नाही. नुसतं बसायचं. दोन टाइम चहा, अन् पाठीले उशी."

आत्याने जरा विचार केला. कोणी गेलेलं नसताना बसायचं, हे तिला थोडं नियमबाह्य वाटलं. पण उशीची बोली आजवर कोणीच केली नव्हती. ती हो म्हणाली.

तीन तारखेला आत्या आठ वाजता हजर. पण आदल्या दिवशीच्या वेल्डिंगच्या झगझगाटाने तिचे डोळे चुरचुरत होते. म्हणून ती आत न बसता दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून बसली. उजेडाची तिरीप येऊ नये म्हणून पदर कपाळाखाली ओढला. हात गालाला लावला, कारण बसताना तिचा हात गालालाच असतो. आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते मधूनमधून पदराने टिपत होती.

तिच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची होती, शंकररावांची. शंकरराव रोज सकाळी तिथे बसून पेपर वाचत. आज खुर्ची रिकामी, पेपरची घडी तशीच. शंकरराव आदल्या दिवशी बहिणीला भेटायला रोहिणखेडला गेले होते. हे घरच्यांना माहीत होतं, रस्त्याला माहीत नव्हतं.

साडेआठला पंजाबराव मोटरसायकलवरून चालले होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, शंकररावांचे तीस वर्षांचे दोस्त. त्यांनी एका नजरेत तीन गोष्टी पाहिल्या: रिकामी खुर्ची, न उघडलेला पेपर, आणि पदर ओढून डोळे टिपणारी जनकाआत्या. गाडी बंद केली. ती हाताने ढकलत, आवाज न करता भिंतीला लावली. टोपी काढली. हात जोडले. आणि आत्याच्या पलीकडे जमिनीवर जाऊन बसले.

विचारायचं नसतं. आपल्याकडे दारात येऊन 'कोण गेलं' असं विचारणारा माणूस माणसात धरत नाहीत. बसायचं, आणि आपोआप कळतं.

पंजाबरावांनी हळूच तीन फोन केले. "शंकररावकडं बसाले या," एवढंच. त्या तिघांनी आणखी कोणाकोणाला केले. दहा वाजेपर्यंत वर्कशॉपसमोर अकरा माणसं ओळीने बसली होती. साडेदहाला समोरच्या हॉटेलवाल्याने चहाची किटली न मागता पाठवली. अकराला सत्यभामाबाई पिठलं-भाकरीची दुरडी घेऊन आल्या, कारण अशा घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी बघायचं असतं.

आत धम्मरत्न वेल्डिंगच्या काचेआडून हे पाहत होता. त्याला एवढंच समजलं की आत्याने आणखी माणसं आणली. भली बाई! एका आत्यामागे नऊ यंत्रं, तर अकरा माणसांमागे किती? त्याने गुणाकार केला आणि त्याच्या अंगात वारं संचारलं. एवढी माणसं आपल्यासाठी कामधंदा सोडून बसली आहेत, आणि एकही बोलत नाही! आता उठून पंख्याकडे जायची कोणाची छाती होणार? तो हललाच नाही. चोच, ठिणगी, पुढची चोच. काच वर करून त्याने घाम पुसला.

बाहेर ओळीत कुजबुज झाली.

"डोळे पुसून राह्यला."

"बाप गेला, अन् पोरगं काम करून राह्यलं."

"करू दे. दुःख जिरवून राह्यला. आतल्या आत ठेवलं तं माणूस खचते."

जनकाआत्याच्या कानावर यातलं अर्धंच आलं. कोणाचा तरी बाप गेला एवढं तिला कळलं आणि तिला मनातून फार लागलं. गावात कोणीतरी गेलं, एवढी माणसं बसायला आली, आणि आपल्याला, जनकाबाईला, पत्ता नाही! पण विचारायचं नसतं. तिने पदर आणखी खाली ओढला.

बाराच्या सुमाराला एक जीप थांबली. भागवतभाऊ उतरले. सहा तारखेची वाट न पाहता ते आज आले होते, कारण गटात कोणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं की धम्मरत्नचं काही खरं नाही, आत्ताच जालन्याच्या दुकानदाराकडे सांगून टाका. ऑर्डर रद्द, हे तोंडावर सांगायचं, चार शब्द सुनवायचे आणि तसंच जालना गाठायचं, असं ठरवून ते निघाले होते. शब्दही वाटेत जुळवून ठेवले होते.

जीपचं दार लावता लावता त्यांना ओळ दिसली. भागवतभाऊंच्या तोंडात जुळवलेले चार शब्द तसेच राहिले. त्यांनी हात जोडले आणि शेवटच्या माणसाशेजारी बसले.

अशा दारात व्यवहार बोलत नाहीत. पंधरा मिनिटं बसावं, मग उठावं, परवा येऊन सांगावं. पण उठायच्या आधी त्यांनी आत पाहिलं आणि त्यांना उठता येईना. गेल्या वर्षी ज्याला सोळा दिवस उशीर झाला होता, तो हा माणूस बापाच्या दुःखात मान वर न करता त्यांचीच यंत्रं जोडत होता. भागवतभाऊंना जालन्याच्या नुसत्या विचाराची लाज वाटली. ते उठले, आत गेले, काही न बोलता पाना उचलला आणि दांड्यांचे नटबोल्ट आवळायला लागले.

आता दुखवट्याच्या घरी कोणी हात लावला की दुसऱ्याला बसून राहवत नाही. कोणी पाणी भरतं, कोणी लाकडं फोडतं. इथे पाणी नव्हतं, लाकडं नव्हती, यंत्रं होती. पंजाबरावांनी रंगाचा ब्रश घेतला. हॉटेलवाला डबे पुसायला लागला. सत्यभामाबाईंनी चोची मोजल्या आणि एका चाकाला अकराच आहेत हे बोट दाखवून सांगितलं. शब्द कोणी उच्चारला नाही. आत धम्मरत्न वेल्डिंग करी, तयार चाक बाहेर सरकवी, आणि बाहेरून ते हिरवं होऊन, दांडा लावून, रांगेत उभं राही. गिरणीचा पट्टा आज कोणी बसवला नाही. एकटी जनकाआत्या काही करत नव्हती. ती बसली होती. तिचं कामच ते होतं.

चार वाजायला आले असताना भागवतभाऊंनी मोजायला सुरुवात केली. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. आणि चाळिसावं, घंटीवालं.

नेमकी तेव्हाच बुलढाण्याहून आलेली काळीपिवळी जीप थांबली, आणि हातात आंब्याची पिशवी घेऊन शंकरराव उतरले.

त्यांनी दारातली माणसं पाहिली. टोप्या काढलेल्या. जनकाआत्या पदर ओढून. पिठल्याची दुरडी. सगळ्यांच्या माना यंत्रांवर, वर कोणी पाहिलं नाही. पोरगा आत दिसत होता, जिवंत. मग कोण? सून ड्यूटीवर. विचारायचं कसं? विचारायचं नसतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि पंजाबरावांच्या शेजारी जाऊन बसले.

पंजाबराव दांड्याला रंगाचा शेवटचा हात मारत होते. मान वर न करता जड आवाजात म्हणाले, "लई सोन्यासारखा माणूस होता."

"हाव," शंकरराव म्हणाले.

"जरा तापट होता. पण मनात काही नव्हतं."

"तापट तं असतेच माणूस."

"तीस वर्ष संग राह्यलो. माह्याकडून तंबाखू घ्याचा, आपली कधी काढाचा नाही."

शंकररावांना हे वर्णन कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. ते वाकून हळूच म्हणाले, "पंजाबराव, पण गेलं कोण?"

पंजाबरावांनी वळून पाहिलं. हातातला ब्रश शंकररावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. मग त्यांनी जी किंकाळी मारली, ती एसटीत अठ्ठावीस वर्षं 'पुढं सरका' ओरडून कमावलेल्या फुफ्फुसांची होती.

पुढची पाच मिनिटं कोणाचंच कोणाला कळलं नाही. मग सगळं शांत झालं आणि सगळ्यांनी एकदम जनकाआत्याकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहता?" आत्या उसळली. "मी त बसाच्या कामावर हाय! पाठीले उशी दिली मले. तुमच्यातलंच कोणी गेलं असं मले वाटलं. अन् मले सांगतलं नाही म्हणून सकाळपासून जीव जळून राह्यला माहा!"

धम्मरत्न काच कपाळावर सारून दारात आला. आपल्यासाठी म्हणून आलेली ही माणसं बापासाठी आली होती, हे त्याला आत्ता समजलं. त्याने भागवतभाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, तुम्ही आज कसे काय?"

भागवतभाऊ खरं बोलणारे. "ऑर्डर तोडाले आलतो. जालन्याले चाललो होतो."

धम्मरत्नने हातातली वेल्डिंगची दांडी खाली ठेवली.

"भाऊ," तो म्हणाला, "मी तुम्हाले फसवलं नाही. मले डोक्यात घड्याळ नाही. डॉक्टरनं तसं लिहून देल्लं हाय. मी एकटा असलो की दिवस कुठं जाते, मले समजत नाही. कोणी संग बसलं तं काम होते. आत्याले आम्ही त्याच्यासाठी बसवलं. गेल्या वर्षी मले हे माहीत असतं, तं तुमची पेरणी चुकली नसती."

भागवतभाऊंनी पाना बाजूला ठेवला. ओळीने उभ्या हिरव्या यंत्रांवरून शेवटापर्यंत चालत गेले. चाळिसाव्याची घंटी वाजवून पाहिली.

"आज तारीख कोणती?"

"तीन," धम्मरत्न म्हणाला. मग स्वतःच दचकला. त्याने घड्याळ न पाहता, सरासरी न काढता सांगितलं होतं, आणि बरोबर होतं.

"तीन. म्हणजे तीन दिवस आधी." भागवतभाऊंनी ते दोनदा बोटांवर मोजलं. "माह्या आयुष्यात मले कोणत्याच गोष्टीची डिलिव्हरी आधी भेटली नाही. टेम्पो आत्ताच बोलावतो. अन् ऐक, लोणारकडचा एक गट विचारून राह्यला. त्यांना तूर टोकून लावाची हाय. तारीख तू सांग."

"मी नाही सांगत," धम्मरत्न म्हणाला. "आत्याले विचारा. ती कधी मोकळी हाय, त्याच्यावर."

सगळ्यांनी पुन्हा आत्याकडे पाहिलं, पण या वेळी वेगळ्या नजरेने. आत्याने पदर मागे सारला आणि सांगितलं की बुधवार सोडून जमेल.

महामाया स्कूटीवरून धापा टाकत आली, तेव्हा टेम्पो भरत होते. सासरे गेल्याची बातमी तिला उपकेंद्रात तीन पेशंटनी सांगितली होती. सासरे खुर्चीत बसून पिठलं-भाकरी खात होते, सदऱ्यावर हिरवा रंग.

"माह्या नावानं आणलेलं हाय, मीच खातो," शंकरराव म्हणाले. "मीठ जरा कमी हाय. पण माणसं किती आली पाह्यलं? अठरा! पंजाबरावनं तंबाखूचं बोलाले नको होतं, बाकी सगळं बरोबर बोलला." मग आंब्याची पिशवी पोराच्या हातात देत खालच्या आवाजात म्हणाले, "चाळीस केले बे तू."

टेम्पो घंटी वाजवत निघून गेला. ती चाळिसाव्या यंत्राची होती, आणि भागवतभाऊंनी स्वतः वाजवली.

प्रज्वलचा फोन संध्याकाळी सहा वाजता आला. टाइम ऑफिसवाले विचारत होते, दहा तारखेला येणार का, आणि आला तर वेळेवर येणार का. महामायानेच घेतला. म्हणाली, "त्यांना सांग, दुसरा कोणी पाहा. इथं तुरीची ऑर्डर हाय."

पुढे हळूहळू बातमी पसरली. बँकेच्या परीक्षेला बसलेल्या दोन पोरींनी आत्याला सकाळचे दोन तास मागून घेतले. एका कचेरीतूनही बोलावणं आलं, पण आत्याने नाही सांगितलं. तिथे बसणारी माणसं आधीच भरपूर आहेत, म्हणाली, तिचा उपयोग होणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्याच दिवशी, चार तारखेला सकाळी आठ वाजता ती उशी घेऊन वर्कशॉपवर आलीच. धम्मरत्न नव्या चोची कापत होता. पंखा कोपऱ्यात होता, न उघडलेला. भिंतीपाशी पलंगाचा तुटलेला पाय अजून तसाच उभा होता. धम्मरत्नने तो पाहिला आणि जीभ चावली.

"आत्या, पाच मिनिटं. आज पहिलं हेच."

"राहू दे बाप्पा," आत्या म्हणाली आणि तिने उशी भिंतीला लावली. "पलंगाले विटा लावल्या मी. तो पाय जोडला, तं मले इथं याले निमित्त काय?"

आणि ती बसली.